कोंबडी अशी सोलल्यासारखी का दिसायला लागली?

घणसोली गावठाणात आमच्या गल्लीत अजूनही सात-आठ घरांत तरी कोंबड्या आहेत. मागे टॉवर, पुढे गाड्यांची पार्किंग, आणि त्यात एखादी गावठी कोंबडी पिल्लं घेऊन स्कूटीच्या खाली उकरत बसलेली, ह्यात इथे कुणाला नवल वाटत नाही. पण गणपती झाले की दरवर्षी कुणी ना कुणी काखेत कोंबडी घेऊन आमच्या दारात येतंच, आणि प्रश्न ठरलेला, 'बाय, हिला काय झालंय बघ ना जरा.'

यंदा शेजारच्या काकू आल्या, एक नाही दोन कोंबड्या घेऊन. एक तांबडी, एक ठिपक्यांची. दोघी एकाच खुराड्यातल्या, दोघींची पिसं गेलेली, दोघींची अंडी बंद. काकूंनी तोवर कुणाला तरी विचारून खरजेची पावडर आणली होती, दुसऱ्या कुणी सांगितलं रॉकेल चोळ, तिसऱ्याने सांगितलं कुत्र्याचं गोचिडाचं औषध मार. नशीब काहीच लावलं नव्हतं, कारण दोघी लांबून सारख्याच दिसत असल्या तरी तांबडीला काहीच झालं नव्हतं आणि ठिपक्यांचीला झालं होतं. हे कळायला औषध लागत नाही, कोंबडी उचलून पिसाच्या मुळाशी बघावं लागतं, आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

आधी पीस म्हणजे काय ते बघू, पुढचं अर्धं त्यातच कळतं. पीस आपल्या केस-नखांसारखंच केराटिनचं बनलेलं असतं. वाढत असताना त्याच्या देठात रक्त असतं, पूर्ण वाढलं की रक्त आटतं आणि पुढे ते पीस म्हणजे मेलेली वस्तू, फक्त कातडीत रोवलेली. त्यामुळे मधूनच तुटलेलं किंवा कुरतडलेलं पीस दुरुस्त होत नाही, तो खुंट पुढच्या वेळी पिसं बदलेपर्यंत तसाच राहतो. पण पीस मुळापासून निघालं असेल तर त्या भोकातून काही आठवड्यांत नवीन येतं. म्हणजे टक्कल दिसलं की बघायचं काय, तर तिथे बारीक सुया उगवतायत, तुटके खुंट आहेत, मुळाशी काही चिकटलंय, की नुसती लाल कातडी आहे. ह्या चारांत बहुतेक सगळी उत्तरं येतात.

बघायचं संध्याकाळी अंधार पडल्यावर. दिवसा तिच्यामागे पळून तुम्हीही दमता आणि ती पण घाबरते. रात्री दांडीवर बसलेली कोंबडी अर्धी झोपेत असते, दोन्ही पंख दाबून उचलायची, काखेत धरायची, मोबाईलचा टॉर्च लावायचा आणि पिसांवर उलट्या बाजूने फुंकर मारायची. पिसं आपोआप फाकतात, कातडी दिसते. मान, पंखाखाली, छाती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेपटीखाली जिथून अंडं येतं ती जागा.

काकूंच्या तांबडीच्या मानेवर फुंकर मारली तर सगळीकडे निळसर काळ्या सुया. म्हणजे ती पिसं टाकत होती, बस. इंग्रजी व्हिडिओवाले ह्याला मोल्टिंग म्हणतात. मोठी कोंबडी साधारण वर्षातून एकदा जुनी पिसं टाकून नवीन घेते, पहिल्यांदा बहुतेक दीड वर्षाची झाली की. सुरुवात डोक्या-मानेपासून, मग छाती-पाठ, मग पंख आणि शेवटी शेपटी, असा साधारण क्रम असतो, आणि सगळं मिळून २ ते ३ महिने सहज जातात. अंडी चांगली देणाऱ्या कोंबड्या बऱ्याचदा भराभर पिसं टाकतात, अगदी भिकाऱ्यासारख्या दिसतात, आणि लवकर सावरतात. ज्या हळूहळू, कळेल न कळेल अशी टाकतात त्याच जास्त महिने रेंगाळतात. म्हणजे जी सगळ्यात वाईट दिसते तीच खरं तर कामाची कोंबडी असू शकते, आणि आपण नेमकी तिलाच आधी विकायला काढतो.

हे होतं मुख्यतः दिवस लहान व्हायला लागला की. पण परदेशी व्हिडिओ बघून लोकांचा इथे घोटाळा होतो, कारण तिकडे उन्हाळा-हिवाळ्याच्या दिवसात खूप तासांचा फरक असतो त्यामुळे अख्खा कळप एकदम पिसं टाकतो. आपल्याकडे ठाणे-नवी मुंबईत जूनमधला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरमधला लहान अकरा तासांचा, फरक जेमतेम दोन-सव्वादोन तास. त्यामुळे इथे एक कोंबडी गणपतीत टाकेल, दुसरी दिवाळीनंतर, तिसरी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, उठल्यावर. त्यात गल्लीतले एलईडी रात्रभर खुराड्यावर पडत असतील तर अजूनच गोंधळ. शिवाय दोन दिवस पाणी-दाणा नीट मिळाला नाही, जागा बदलली, कुत्रं मागे लागलं, असल्या धक्क्यानेही अवेळी पिसं गळतात. सकाळी उठून बघावं तर फक्त शेपूट गायब आणि बाकी कोंबडी ठणठणीत, असं असेल तर रात्री मांजर किंवा मुंगूस आलं होतं समजा. पकडलेली पिसं सोडून पळून जायची तिची ती युक्ती आहे.

आता अंडी का बंद होतात. पिसात ८० टक्क्यांहून जास्त प्रोटीनच असतं आणि अंड्यालाही प्रोटीन लागतं, दोन्ही एकदम परवडत नाही, मग शरीर अंड्याचं दुकान बंद ठेवतं. तुरा पण ह्या काळात लहान आणि फिका पडतो, घाबरायचं नाही. करायचं फक्त खाणं सुधारायचं. आपल्याकडे गावठी कोंबडीला काय मिळतं, तर उरलेला भात, भाकरीचे तुकडे, तांदळाची कणी. पोट भरतं पण पिसं बनवायला त्यात काही नाही. अंड्यांच्या तयार फीडमध्ये साधारण १६-१७ टक्के प्रोटीन असतं, पिसं येतायत तोवर ते २० च्या आसपास नेलं तर बरं. आणि आगरी-कोळ्यांच्या घरात ह्याला कुठे बाजारात जायला लागतंय, सुका जवळा मूठभर टाका, मीठ मारलेला असेल तर आधी धुऊन घ्या कारण जास्त मीठ कोंबडीला बाधतं. उकडलेल्या अंड्याचा चुरा, शिजवलेलं सोयाबीन पण चालतं. शेंगदाण्याची पेंड द्यायची तर कोरडी, पावसात बुरशी धरलेली पेंड गटारात टाका पण कोंबडीला नको, तिचं लिव्हर खलास होतं.

आणि ह्या दिवसांत तिला उगाच उचलू नका. त्या सुयांत रक्त असतं, दाबलं की दुखतं, म्हणून एरवी मांडीवर बसणारी कोंबडी पण आता हात लावू देत नाही. सुई मोडली तर बऱ्यापैकी रक्त येतं, स्वच्छ फडक्याने दोन-चार मिनिटं दाबून धरायचं आणि रक्त थांबून पुसून होईपर्यंत बाकीच्यांपासून लांब ठेवायचं, कारण लाल दिसलं की बाकीच्या टोचायला येतात.

ठिपक्यांचीची गोष्ट वेगळी. तिच्या मानेवर पिसं शाबूत होती, टक्कल होतं शेपटीखाली. फाकवून बघितलं तर पिसांच्या मुळाशी पांढरट गठ्ठे, वाळलेला साबण चिकटल्यासारखे, आणि टॉर्च पडल्याबरोबर पेंढ्याच्या रंगाचे किडे धावत सुटले. उवा. काकू एकदम मागे सरकल्या, पण कोंबडीच्या उवा आपल्या डोक्यात राहत नाहीत, हातावर आल्या तरी धुतल्या की गेल्या. त्यांचा अख्खा जन्म कोंबडीवरच जातो, पिसं आणि कातडीचा कोंडा खातात, आणि ते पांढरे गठ्ठे म्हणजे त्यांची अंडी.

लोक विचारतात उवा आल्या कुठून, एवढं साफ ठेवतो. कुठूनही येतात, नवीन आणलेल्या कोंबडीवरून, चिमण्या-कबुतरांवरून. खरा प्रश्न वाढल्या का हा आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या पावसात आहे. कोंबडी अंघोळ करते ती मातीत. कोरड्या धुळीत खड्डा करून लोळते, माती पिसांत भरते, मग झटकते, त्याबरोबर उवा आणि माइट नावाचे बारीक किडे बरेच निघून जातात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे कोरडी माती असते कुठे? गल्ल्या काँक्रीटच्या, घरामागे जी थोडी जागा राहिली तिथे चिखल. चार महिने बिनअंघोळीची कोंबडी, उवांची चंगळ. आमच्या आजीच्या वेळी चुलीजवळ राखेचा ढीग असायचा, कोंबड्या त्यात लोळायच्या, ती काठी घेऊन हाकलायची कारण राख घरभर उडायची. आता वाटतं हाकलायला नको होतं. चूल गेली, गॅस आला, आणि कोंबडीची मोरी गेली, हे काही कुणी ठरवून केलं नाही.

सोपा उपाय आहे. एक मोठं घमेलं किंवा आडवा कापलेला ड्रम घ्या, त्यात कोरडी रेती, माती आणि लाकडाची राख मिसळून वीतभर भरा, आणि पत्र्याखाली जिथे पावसाची झड येत नाही तिथे ठेवा. राख फक्त साध्या लाकडाची, प्लॅस्टिक किंवा रंगवलेली फर्निचरची फळी जाळलेली नको.

पण उवा वाढल्यावर नुसतं घमेलं पुरत नाही. मग जनावरांच्या डॉक्टरकडून कोंबडीसाठीचीच पावडर घ्यायची, एकीला नाही सगळ्यांना लावायची, पंखाखाली आणि शेपटीखाली नीट पोचवायची, आणि ८-१० दिवसांनी परत लावायची. दुसऱ्यांदा का, तर औषधाने किडे मरतात पण अंडी राहतात, ती आठवड्याभरात फुटतात आणि परत पहिले पाढे पंचावन्न. लोक पहिल्या वेळेनंतर सोडून देतात आणि मग औषध डुप्लिकेट होतं म्हणून ओरडतात.

माइट म्हणजे अजून बारीक, उवांपेक्षा त्रासदायक. त्यात एक लाल माइट आहे जी कोंबडीवर राहतच नाही. दिवसभर खुराड्याच्या फटींत, दांडीच्या खालच्या बाजूला, खिळ्यांच्या भोकांत लपते आणि रात्री बाहेर येऊन रक्त पिते. म्हणून दिवसा कोंबडी तपासली तर काहीच सापडत नाही, आणि इकडे कोंबडीचा तुरा पांढरा पडत चाललाय, संध्याकाळी खुराड्यात जायला कुरकुर करते, तिच्या अंड्यावर बारीक लाल ठिपके दिसतात. असं असेल तर रात्री टॉर्च घेऊन दांडीखाली पांढरा टिश्यू घासून बघा, लाल डाग आले तर तीच. हिला मारायचं तर कोंबडीला नाही, खुराड्याला औषध लागतं. सगळं बाहेर काढून, फटींत उकळतं पाणी ओतून, घासून, उन्हात वाळवून, मग चुना मारायचा म्हणजे फटी बुजतात, आणि आठवड्याने परत तेच. उपाशी राहूनही ही माइट कित्येक महिने जगते, त्यामुळे 'खुराडं दोन महिने रिकामं ठेवलं होतं' हा हिशोब इथे चालत नाही. ही माणसालाही चावते, अंगाला खाज सुटते.

रॉकेलचं काय विचाराल तर नको. जुनी माणसं लावायची खरं, पण कोंबडीची कातडी कागदाइतकी पातळ असते, भाजून निघते. आणि कुत्र्या-गाईचं गोचिडाचं औषध अंदाजाने मारलं तर गोचिडाआधी कोंबडी मरायची. कुठलंही औषध दिलं की अंडी किती दिवस खायची नाहीत हे डॉक्टरला विचाराच, घरातली पोरं खातात ती अंडी.

पाठीवरच टक्कल असेल, डोक्यामागे आणि पंखांच्या मुळाशी, आणि घरात कोंबडा असेल, तर जास्त शोधत बसू नका. कोंबडा वर चढताना चोचीने मानेला धरतो आणि नखांनी पाठ घासतो, लाडक्या कोंबडीची पाठ सगळ्यात आधी जाते. एका कोंबड्यामागे निदान ८-१० कोंबड्या असाव्यात, गावठाणात बऱ्याच घरी तीनांत एक कोंबडा असतो, मग त्या तिघी कशा दिसणार. कोंबडा कमी करायला श्रावण संपायची वाट बघावी लागते ती वेगळी गोष्ट.

तुटके खुंट, कडा कातरल्यासारख्या, तर एकमेकींना टोचणं. जागा कमी पडली, कंटाळा आला, प्रोटीन कमी पडलं की हे सुरू होतं. भटक्या कुत्र्यांच्या भीतीने लोक दिवसभर कोंडून ठेवतात हे मला समजतं, पण रोज बाहेर सुटणाऱ्या कोंबडीलाही आत ३-४ चौरस फूट लागतात, कोंडलेलीला त्याहून बरेच जास्त. पालेभाजीची जुडी दोरीने टांगून ठेवा, टोचायला काहीतरी मिळतं. रक्त निघालेली मात्र लगेच वेगळी करा, नाहीतर बाकीच्या तिला जिवंत खातात, मी बघितलंय. फक्त छातीची पिसं गेली आणि ती टोपलीतून उठत नसेल, हात लावला की फुगून ओरडत असेल, तर ती खुडूक आहे. उघड्या कातडीची ऊब अंड्यांना मिळावी म्हणून त्या ठिकाणची पिसं जातात, काही स्वतःच उपटतात, २१ दिवसांचा कार्यक्रम आहे.

आता पाय. निरोगी पायावरचे खवले सपाट, कौलांसारखे बसलेले असतात. ते उचलले गेले, खाली पांढरी भुकटी साठली, पाय जाड आणि खडबडीत झाले, तर खवल्यांखाली शिरणारी माइट आहे. कोंबडी म्हातारी झाली म्हणून पाय असे झाले असं लोक समजतात, तसं नाही. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने हलकेच घासायचं, खवले ओढून काढायचे नाहीत, वाळवून व्हॅसलीन जाड थापायचं म्हणजे माइट गुदमरते. दोन-तीन दिवसांनी परत परत, महिनाभर तरी. आधी लंगडायला लागली असेल तर डॉक्टरकडे, त्यांच्याकडे ह्याचं औषध असतं.

पिवळ्या पायांच्या कोंबडीचे पाय फिके पडले म्हणून पण लोक येतात. ह्यात मला फार मजा वाटते. तो पिवळा रंग मक्यातून आणि हिरव्या पाल्यातून येतो आणि कातडीत साठतो. कोंबडी अंडी द्यायला लागली की तो सगळा रंग पिवळ्या बलकाकडे वळतो आणि कातडी फिकी पडते, तेही क्रमाने. आधी अंडं येतं ती जागा, मग डोळ्याभोवतीची कडा, मग चोच, आणि सगळ्यात शेवटी पाय, त्याला चार-पाच महिने लागतात. अंडी थांबली की त्याच क्रमाने रंग परत भरतो. म्हणजे बाजारात कुणी दोन वर्षांची कोंबडी 'रोज अंडं देते' म्हणून विकत असेल आणि पाय हळदीसारखे पिवळेधमक असतील, तर समजून जा. तलंग असेल तर गोष्ट वेगळी, तिने अजून सुरुवातच केलेली नसते. आणि हा हिशोब पिवळ्या कातडीच्या जातींनाच लागतो, कडकनाथला नाही, तिची कातडी, तुरा, मांस सगळं जन्मतःच काळं.

शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला एक उंचवटा असतो, त्याला गाठ समजून पिळू नका. ती तेलाची ग्रंथी आहे, कोंबडी चोच तिथे घासून तेल पिसांना लावते.

तुऱ्यावर, डोळ्यांभोवती, चोचीखालच्या लाल कातडीवर काळपट खपल्या आल्या तर त्या देवी. माणसाच्या देवीशी संबंध नाही, ती तर १९८० मध्येच जगातून संपल्याचं जाहीर झालं, आणि कांजिण्यांशीही नाही, हा पक्ष्यांचा वेगळा व्हायरस आहे आणि आपल्याला होत नाही. पसरवतात मुख्यतः डास, त्यामुळे खाडीकाठच्या आपल्या गावांत पावसाळ्यात आणि नंतर जास्त. खपल्या उपटायच्या नाहीत, त्यात व्हायरस असतो आणि पडलेल्या खपलीतही महिनोन्महिने टिकतो. बाहेरूनच असेल तर बहुतेक कोंबड्या तीन-चार आठवड्यांत बऱ्या होतात, डोळा बंद झाला असेल तर हाताने पाणी-दाणा द्यायचा. तोंडात-घशात पांढरे थर आले आणि श्वास घेताना आवाज येत असेल तर ते धोक्याचं. लस असते, पंखाच्या पातळ पडद्यात टोचतात, साधारण ६-८ आठवड्यांच्या पिल्लाला, आणि ती आजार यायच्या आधीच.

एका बाबतीत मात्र घरगुती काही करू नका. तुरा निळा-जांभळा पडला, डोकं सुजलं, पायांच्या कातडीखाली रक्त साकळल्यासारखे डाग, आणि एक-दोन दिवसांत पटापट कोंबड्या मेल्या, तर बर्ड फ्लूची शंका धरायची. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या वेहळोलीत तो सापडला होता, जानेवारी २०२५ मध्ये उरणच्या चिरनेरला, म्हणजे लांबची गोष्ट नाही. मेलेल्या कोंबड्यांना उघड्या हाताने शिवू नका, खाडीत फेकू नका, लपवून विकू तर अजिबात नका, पशुसंवर्धनच्या १९६२ नंबरवर किंवा जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. पॉझिटिव्ह आलं तर १ किलोमीटरच्या आतल्या सगळ्यांच्या कोंबड्या मारतात म्हणून लोक गप्प बसतात, ही भीती खोटी नाही, पण गप्प बसल्याने मग पाच गल्ल्यांच्या जातात.

काकूंचं पुढे असं झालं, ठिपक्यांचीला आणि घरातल्या बाकी सगळ्यांना पावडर लावली, दहा दिवसांनी मीच जाऊन परत लावायला लावली, पत्र्याखाली घमेलं ठेवलं. तांबडीला काहीच केलं नाही, जवळा सोडून. काकूंनी जाता जाता जे विचारलं ते बरेच जण विचारतात पण लाजत, की अशी पिसं टाकणारी कोंबडी कापली तर खाल्लेली चालते का. चालते, आजार नाहीये तो. फक्त कातडीत त्या शेकडो रक्ताच्या सुया असतात, गरम पाण्यात कितीही बुडवा, एकेक चिमटीने काढत बसावी लागते आणि तरी साफ होत नाही. हे ऐकून काकूंनी तांबडीला दिवाळीपर्यंत मुदत दिली. दिवाळीत तिला नवीकोरी पिसं आली, आता म्हणतात एवढी छान दिसतेय, राहू दे.